नदी धुऊन निघते, ती कोठे?

मृगाच्या पहिल्या जोरदार सरी पडून गेल्या, नाल्यांतले काळे पाणी तांबूस झाले, पुलावरून जाताना नाकाला लावलेला रुमाल खिशात परत गेला, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतला माणूस मोठ्या समाधानाने म्हणतो, की आता नदी धुऊन निघाली. हे समाधान अप्रामाणिक नाही. उन्हाळ्यात रायते, कांबा, मोहने या पट्ट्यात उल्हास नदीवर साचलेला जलपर्णीचा थर पहिल्या पुराबरोबर खरोखरच नाहीसा होतो, वालधुनीचा कधी निळा तर कधी जांभळा दिसणारा प्रवाह मातकट होतो, आणि ज्याने एप्रिल महिन्यात दुर्गंधीविषयी अर्ज केलेला असतो त्यालाही त्या अर्जाचे पुढे काय झाले हे विचारण्याची निकड जुलैमध्ये वाटत नाही. अर्ज दप्तरी दाखल होतो. निसर्गाने आपले काम केले, म्हणून कारभाराला सुटी मिळते. या समजुतीची खातरजमा करण्यासाठी नदीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याची तसदी मात्र सहसा कोणी घेत नाही. माझे म्हणणे असे, की पावसाळ्याने नदी शुद्ध होत नाही, तिच्यातली घाण केवळ आपल्या हद्दीबाहेर जाते. आणि ज्या हद्दीत ती जाऊन पडते तेथे तक्रार करण्याची, दाद मागण्याची किंवा उठून अन्यत्र जाण्याची शक्ती नसलेली एक फार मोठी वस्ती चिखलात नांदत असते.

भूगोल थोडक्यात सांगतो. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून उतरून कर्जत, नेरळ, वांगणी या वाटेने बदलापुरास येते, ते ओलांडल्यावर बारवीचे पाणी पोटात घेते आणि कल्याणजवळ तिला भरतीचे खारे पाणी भेटते. वालधुनी तिच्यापुढे अगदीच लहान. ती अंबरनाथच्या आसपासच्या डोंगरांत उगम पावते, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख धारण करणाऱ्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून वाट काढते आणि कल्याणास खाडीला मिळते. ज्या खाडीला ती मिळते तिच्या काठचे कल्याण ‘पेरिप्लस’कर्त्या ग्रीक खलाशाला बंदर म्हणून ठाऊक होते, कान्हेरीच्या लेण्यांत तेथील दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी याच पाण्यावर सुरू केली. तेथून ही खाडी डोंबिवली, मुंब्रा, काल्हेर, कशेळी, गायमुख, घोडबंदर असे वळण घेत वसईजवळ अरबी समुद्रात मोकळी होते; ठाण्यापाशी एक अरुंद फाटा तिला ठाणे खाडीशीही जोडतो. म्हणजे अंबरनाथच्या एखाद्या गल्लीतल्या गटाराचा शेवट अंबरनाथमध्ये होत नाही. त्याला दोन समुद्रद्वारे आहेत.

पुस्तकांत पावसाचे पाणी वेगळे आणि सांडपाणी वेगळे, असा भेद केलेला असतो. पाश्चात्त्य शहरांत या दोहोंसाठी पुष्कळदा निरनिराळे मार्ग असतात, आणि तेथील शास्त्रज्ञ निव्वळ पावसाने रस्त्यांवरून वाहून आणलेल्या मळाचा समुद्रजीवांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करू शकतात. तो मळही साधा नसतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पाऊस पडला, की ओढ्यांत चढून आलेले कोहो सॅमन मासे अंडी घालण्यापूर्वीच मरून पडत. त्याचे कारण टायरांच्या रबरातल्या एका रसायनापासून बनणारे विष होय, हे २०२० साली उघडकीस आले. आपल्याकडे असा सुटा अभ्यास करणेच दुरापास्त आहे, कारण आपला नाला बारमाही असतो. आठ महिने त्यातून घरांचे मलमूत्र, गोठ्यांचे शेण, औद्योगिक वसाहतींतली रसायने, जीन्स धुण्याच्या आणि रंगवण्याच्या कारखान्यांतला रंग, विरंजक आणि दगडी भुकटी हे सारे मंदगतीने वाहत, बरेचसे तळाशी बसत राहते. त्यात रस्त्यांवरचे तेल, ब्रेकांची धूळ, पत्र्यांच्या छपरांवरून सुटणारे जस्त, प्लास्टिकचे कण यांची भर पडते. मग जून उजाडतो, आणि आठ महिन्यांची ही ठेव पहिल्या दोन-चार मोठ्या सरींत एकदम उचलली जाते. पावसाच्या आडोशाने टाक्या रिकाम्या करण्याची काहींची वहिवाट आहे, अशीही तक्रार दर वर्षी कानी येते. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी नोव्हेंबर २०१४ आठवावा. त्या वेळी उल्हासनगरात टँकरमधून वालधुनीत ओतलेल्या रसायनातून विषारी वायू निर्माण झाला आणि काठावरच्या शेकडो लोकांना त्याची बाधा झाली. पाऊस नसतानाही नाल्याची ही शक्ती. पाऊस तिला फक्त वाहन पुरवतो.

आता प्रमाणकांकडे वळू. आपला सारा कायदेशीर हिशेब दर लिटरमागे किती मिलिग्रॅम या भाषेत चालतो. बाटलीत पाणी भरावे, प्रयोगशाळेत न्यावे, प्राणवायूची मागणी, आम्लता, विष्ठाजन्य जंतू यांचे आकडे काढावे, आणि ते मर्यादेत बसले तर शेरा मारून मोकळे व्हावे. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत पाऊस पडणाऱ्या या मुलखात जुलै महिन्यातला आकडा सुधारणार नाही तर काय होईल? पाणी शंभरपट झाले, की तीच घाण बाटलीत शंभरावा हिस्सा भरते. परंतु खाडीला जाऊन मिळते ते प्रमाण नसून वजन होय, आणि वजनात एका तोळ्याचीही घट झालेली नसते. शिवाय येथे एक रासायनिक प्रक्रिया घडते, जिची दखल आपल्या कारभारात कोठेच घेतलेली दिसत नाही. गोड्या पाण्यात तरंगत आलेले मातीचे सूक्ष्म कण, ज्यांना जस्त, तांबे, शिसे, पारा आणि तेलाचे अंश चिकटलेले असतात, खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच एकमेकांना बिलगून जड होतात आणि तळाशी बसतात. गोडे आणि खारे जेथे भेटते ती जागा समुद्राकडे जाणारी मोकळी वाट नाही; तो सापळा आहे. उल्हासची घाण समुद्रात ‘जाते’ म्हणून जो निश्चिंत होतो त्याला हे ठाऊक नसते, की तिचा मोठा वाटा समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. वसईच्या अलीकडे, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच तो वस्तीला राहतो. जलपर्णीचेही तेच. ती खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. पुराने खाली नेलेले तिचे भारे खाडीत मरतात, कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात.

ओहोटीच्या वेळी काल्हेरच्या किंवा गायमुखच्या बाजूस तिवरांच्या श्वासमुळांपलीकडे उघडा पडलेला चिखल जवळून पाहण्यासारखा असतो. वरचा पापुद्रा पिवळट तपकिरी, फार तर बोटाच्या पेराएवढा. तो सारला की खाली काळाकुट्ट थर आणि सडक्या अंड्यांचा दर्प. तो पापुद्रा म्हणजे प्राणवायू कोठवर पोहोचतो याची रेषा होय. गाळ जितका निकोप तितकी ही रेषा खोल, सेंद्रिय घाण जितकी जास्त तितकी ती पृष्ठभागाच्या जवळ. कारण घाण कुजवणारे जंतू आधी प्राणवायू संपवतात आणि मग समुद्राच्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर निर्वाह करून हायड्रोजन सल्फाइड सोडतात, जे बहुतेक प्राण्यांना विष आहे. याच चिखलाचे एक फावडे अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीच्या चाळणीत धुतले, तर चाळणीत केसासारखे तांबडे कृमी, नखाएवढ्या शिंपल्या, कुळथाच्या दाण्याएवढे शंख आणि कोळंबीच्या गोतातले वाकडे-तिकडे सूक्ष्म जीव उरतात. चिखलावर एक नांगी प्रचंड आणि दुसरी इवलीशी असलेले खेकडे बिळाभोवती गोळ्या मांडून बसलेले दिसतात. हे सारे अपृष्ठवंशी प्राणी, ज्यांना आपण तुच्छतेने किडे म्हणतो, त्या चिखलाचे मशागतदार होत. त्यांची बिळे प्राणवायू खाली नेतात, त्यांची विष्ठा जंतूंचे अन्न होते, आणि कोळंबी, चिंबोरी, बोय, जिताडा यांच्या उपजीविकेचा पाया तेच असतात.

या वस्तीवर पहिल्या पुराचा घाला निरनिराळ्या अंगांनी पडतो. खारटपणा काही तासांत उतरतो. शिंपला आपली कवाडे मिटून काही काळ तग धरतो, पण मिटलेल्या कवाडांआड त्याला ना अन्न मिळते ना श्वास, आणि ती उघडावी तर बाहेर गाळाने गढूळ, प्राणवायूने दरिद्री पाणी. पाणी गाळूनच अन्न मिळवणाऱ्या कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या कल्ल्यांत माती बसते. जे कृमी चिखलच गिळून जगतात ते त्याला चिकटलेला धातूही गिळतात. आणि याच सुमारास पाण्यात तरंगत असलेली कोळंबीची आणि खेकड्यांची कोवळी पिढी, जिच्या अंगावर पुरेसे कवचही आलेले नसते, अमोनिया, तेल आणि कीटकनाशके यांच्या मिश्रणात सापडते.

येथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप मला वजनदार वाटतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. तो असा, की कोकणच्या खाड्यांतले जीव मोसमी पावसाला नवखे नाहीत. एकही कारखाना नव्हता तेव्हाही दर आषाढात खाडीचे पाणी गोडे होत असे, तळ खरवडला जात असे आणि अगणित शिंपल्या मरत असत. मग मृत्यूचे खापर नाल्याच्या माथी का फोडावे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच जुलैतल्या मेलेल्या शिंपल्या मोजून काहीच सिद्ध होत नाही. निसर्गाने मारलेल्या आणि घाणीने मारलेल्या वस्तीतला फरक मरणात दिसत नाही, तो पुनरागमनात दिसतो. निकोप खाडीत पाऊस ओसरला, खारटपणा परतला, की समुद्राकडून आलेल्या अळ्या रिकाम्या चिखलात उतरतात आणि दिवाळीनंतर तेथे पुन्हा नाना जातींचा संसार थाटला जातो. मोठ्या आयुष्याचे, खोल बिळे करणारे, सावकाश वाढणारे प्राणी त्यात परततात. विषारी गाळात अळ्या उतरतात खऱ्या, पण टिकतात त्या केवळ थोड्या, चिवट आणि घाईने वाढणाऱ्या जाती. पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोघा शास्त्रज्ञांनी १९७८ साली सेंद्रिय घाणीचा तळाच्या जीवांवर होणारा परिणाम एका क्रमात मांडला. घाण वाढत गेली, की प्रथम मोठे आणि दीर्घायुषी प्राणी जातात, मग जातींची संख्या घसरते, मग एक-दोन जातींच्या कृमींची बेसुमार दाटी होते, आणि शेवटी काहीच राहत नाही. ‘कॅपिटेला’ हा बारीक तांबडा कृमी या क्रमातल्या उपांत्य पायरीचा रहिवासी म्हणून जगभर ओळखला जातो. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी ठाण्याच्या आणि उल्हासच्या खाडीतले पाणी, गाळ आणि जीव यांचा कित्येक वर्षे चिकाटीने अभ्यास केला आहे, आणि बदलत्या परिस्थितीने भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या या कृमींचे काय होते याविषयीचा निबंध २००९ साली प्रसिद्धही केला. म्हणजे ज्ञानाचा अभाव ही आपली सबब होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप फ्लेमिंगोंचा. ठाणे खाडीत गेल्या काही दशकांत हे पक्षी हजारोंच्या संख्येने येऊ लागले, २०१५ साली तेथे अभयारण्य झाले, २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; मग खाडी मेली असे कोणत्या तोंडाने म्हणता, असे विचारले जाते. खाडी मेलेली नाही हे मला मान्य आहे. पण धाकटा फ्लेमिंगो मुख्यतः निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो, आणि सांडपाण्यातल्या नत्राने आणि स्फुरदाने शेवाळ फोफावते. एका पाहुण्याचे पोट भरले म्हणजे घरच्यांचे ठीक चालले आहे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. खाडीकाठच्या कोळ्याला आणि आगऱ्याला जाळ्यात काय येते आणि त्याच्या आजोबाला काय मिळत होते, हे विचारले तर उत्तर गुलाबी रंगाचे येत नाही. न्यायाची गोष्ट म्हणून हेही नमूद केले पाहिजे, की खाडीचा तळ उद्ध्वस्त करण्यात रेती उपसणाऱ्या सक्शन पंपांचा वाटाही मोठा आहे, आणि सारा दोष वरच्या शहरांच्या पदरी बांधणे सत्याला धरून होणार नाही.

गाळ विसरत नाही, हे पाऱ्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. कॉस्टिक सोडा तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा वापर होत असे, आणि उल्हासच्या काठी असे कारखाने होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या संशोधकांनी या खाडीच्या गाळातले पाऱ्याचे प्रमाण स्वाभाविक पातळीहून पुष्कळ वर गेलेले असल्याचे दाखवून दिले. पुढे जगभर ती पद्धत मागे पडत गेली. गाळातला पारा गेला नाही, तो थरांखाली गाडला गेला. प्राणवायू नसलेल्या चिखलात जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि तो कृमीतून खेकड्यात, खेकड्यातून माशात आणि माशातून ताटात चढत जातो; मिनामाताच्या उपसागरावर १९५६ मध्ये उघड झालेला अनर्थही मिथिल पारा माशांतून ताटात चढल्यानेच आला होता. असे असताना २६ जुलै २००५ सारखा पूर, किंवा जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर उतारूंसह पाण्यात अडकली तसा पूर, जुने थर उकरून पुन्हा वर आणू शकतो. पुराचे पंचनामे होतात ते घरांचे, दुकानांचे, भातशेतीचे. खाडीच्या तळाचा पंचनामा कोणत्या मामलेदाराने करावा, याची तरतूद महसुली कायद्यात नाही.

मला वाटते, प्रश्नाचे मूळ येथेच आहे. नदीला दावेदार आहेत, खाडीला नाहीत. उल्हासचे पाणी कल्याण-डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबई पिते. म्हणून जलपर्णी वाढली की आंदोलने होतात आणि उल्हासनगरचा खेमाणी नाला उल्हासमध्ये उतरून पिण्याच्या पाण्यात भेसळ करतो म्हटल्यावर तो वळवून प्रक्रिया केंद्राकडे नेण्याची योजना आखावी लागते. वालधुनीचे पाणी कोणी पीत नाही. पिण्याचे पाणी उपसणाऱ्या पंपाच्या वरचे पाणी म्हणजे नदी आणि त्या पंपाच्या खालचे पाणी म्हणजे गटार, असा अलिखित नकाशा आपल्या मनात पक्का आहे, आणि प्रक्रिया केलेले, न केलेले, अर्धवट केलेले सगळे पाणी ‘नळाने थेट खाडीत’ नेऊन सोडण्याचा उपाय ज्या सहजतेने सुचवला जातो ती सहजता त्याच नकाशातून येते. कायद्याची उणीव म्हणावी तर महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली, केंद्राच्या पाच वर्षे आधी केला. ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलेल्या उल्हास-वालधुनीच्या प्रकरणात २०१५ साली लवादाने स्थानिक संस्थांना आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधी रुपयांचा भुर्दंड बसवला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परंतु लवादापुढे असो की प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे, पुरावा म्हणून येते ती पाण्याची बाटली. बाटली त्या क्षणाची साक्ष देते. टँकर रात्री दोन वाजता रिकामा झाला आणि बाटली सकाळी अकराला भरली, तर ती निर्दोषत्वाचा दाखला देते. गाळातला कृमी मात्र त्या रात्री तेथेच होता.

यावर उल्हासनगरचा व्यापारी जे उत्तर देईल ते मला ठाऊक आहे आणि त्याविषयी मला आदरही आहे. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांना महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी मिळाल्या, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले, आणि सरकारी अनुदानाची वाट न पाहता त्या माणसांनी बराकींतून एक उद्योगनगरी उभी केली. जीन्सच्या धंद्यावर शिवणाऱ्यापासून हमालापर्यंत किती चुली पेटतात हे त्याने विचारले, तर किड्यांसाठी त्या विझवा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. न्यायालयीन दट्ट्यानंतर धुलाईचे कारखाने बंद झाले तेव्हा हाल झाले ते मजुराचे, आणि त्यांतले काही कारखाने आसपासच्या ग्रामीण भागात सरकले तेव्हा घाणीने फक्त पत्ता बदलला. पण चूल खाडीकाठच्या कोळणीचीही आहे, आणि तिच्या चिंबोरीचा, खुब्यांचा, करंदीचा तोटा कोणत्याही नफा-तोटा पत्रकात मांडलेला नाही. एकाचा खर्च दुसऱ्याच्या खाती परस्पर नावे टाकून जो धंदा फायद्यात दिसतो, त्याच्या किफायतीविषयी शंका घेण्यास अर्थशास्त्राचे पांडित्य लागत नाही.

युरोपीय संघाने २००० सालच्या आपल्या पाणीविषयक निर्देशात तळाच्या अपृष्ठवंशी प्राण्यांची स्थिती ही किनारी पाण्याचा दर्जा ठरवण्याची एक कसोटी मानली. आपल्याकडे हे अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. चाळणी, फावडे, सूक्ष्मदर्शक आणि ओळखणारा डोळा, एवढीच सामग्री लागते. उल्हासनगर, कल्याण आणि ठाण्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आहेत, आणि पाऊस येण्यापूर्वी मे महिन्यात व खारटपणा परतल्यावर डिसेंबरात, कल्याणपासून घोडबंदरपर्यंतच्या ठरावीक जागी चिखल चाळून कोणत्या जाती परतल्या याची नोंद त्यांना करता येईल. ही नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळाने पुरावा म्हणून रुजू करून घेतली पाहिजे, आणि वरच्या तिन्ही शहरांना मिळणारा निधी काही अंशी तिच्यावर अवलंबून ठेवला पाहिजे. नालेसफाईचे कंत्राटही त्याच दृष्टीने तपासावे लागेल. आज ते पुराच्या भीतीने दिले जाते, ठेकेदाराचे बिल काढलेल्या गाळाच्या वजनावर निघते, आणि तो गाळ पुष्कळदा नाल्याच्याच काठावर रचून ठेवलेला असतो. मृगाची सर आली, की त्यातला बराचसा जेथून काढला तेथेच परत जातो. कंत्राटातली एक अट बदलून, गाळ काढल्याची नव्हे तर तो तपासून, वर्गवारी करून सुरक्षित जागी नेऊन टाकल्याची पावती दाखवल्यावर पैसे द्यायचे ठरले, आणि नालेसफाईची मुदत ३१ मे हीच ठेवली, तर खाडीकडे जाणाऱ्या ओझ्यातला निदान हा एक हिस्सा एका पावसाळ्यात कमी होऊ शकेल. उरलेल्यासाठी गटारे वेगळी करण्याचे, फार खर्चाचे आणि मतपेटीत न दिसणारे काम हाती घ्यावे लागेल, आणि त्याला एक पिढी लागेल.